आपली फटफटी

फटफटीवाल्यांचाही एक चातुर्मास असतो. मृग लागला की गाडी स्टँडवर चढवायची. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर तेल आत सोडायचं, सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबायची, म्हणजे पाणी जात नाही आणि कुंभारीण माशी मातीचं घर करत नाही. रिमांना ग्रीस फासायचं आणि वरून ताडपत्री टाकायची. मग दसऱ्यापर्यंत काय करायचं? बोलायचं. ज्याला गाडी चालवायला मिळत नाही त्याच्याइतकं गाडीबद्दल कोणी बोलत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आम्ही बोलायचो ते अंधेरी स्टेशनसमोरच्या इराण्याकडे. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. जेवून, वामकुक्षी वगैरे भानगडीत न पडता मी तिथे जाऊन बसायचो. पार्ल्याहून एकजण यायचा, घाटकोपरहून दुसरा यायचा, तो साकीनाक्याच्या चिखलातून सायकल रेटत आलेला असायचा आणि आल्याबरोबर रस्त्याच्या नावाने बोटं मोडायचा. ही पन्नास सालानंतरची वर्षं. बाहेरून गाड्या येणं जवळजवळ बंद झालं होतं, त्यामुळे नवी गाडी म्हणजे कुणाची तरी जुनी गाडी. आम्ही गाड्या शोधायचोच नाही, माणसं शोधायचो. कोण विलायतेला परत चाललाय, कुणाचे गुडघे दुखायला लागलेत, कुणाच्या बायकोने धसका घेतलाय. लग्नाच्या मुलीचा बाप स्थळं काढतो तशी आम्ही स्थळं काढायचो, आणि बहुतेक स्थळं पत्रिका न जुळताच परत जायची. पार्ल्याच्या गृहस्थाने एकदा ‘स्कूटर का घेऊ नये’ असा विषय काढला, तर पुढचे कित्येक शनिवार त्याला स्वतःचा चहा स्वतःच्या पैशाने घ्यावा लागला.

या सगळ्यात माझा मित्र होता. त्याला इथे मित्र म्हणतोय, कारण तेव्हा तो होता.

तो एका फिल्म स्टुडिओत जनरेटरवर फिटर होता. वडील लालबागला गिरणीत, मूळ गाव मालवणाकडे. नोकरी लागल्यावर तो रेल्वेच्या फाटकापलीकडच्या, पूर्वेच्या एका चाळीत खोली घेऊन राहायला आला होता. माझी त्याची ओळख पेट्रोल पंपावर झाली. माझ्या गाडीचा क्लच सरकत होता आणि मी तो नुसत्या शिव्या देऊन ठीक करायचा प्रयत्न करत होतो. तो जवळ आला, म्हणाला, “सरक. आपण बघतो.” आणि खरंच त्याने बघितलं.

हे ‘आपण’ म्हणजे त्याचं व्यंग म्हणा, ऐट म्हणा. तो ‘मी’ म्हणतच नसे. “आपण चाय नाय घेणार.” “आपल्याला हे पिक्चर आवडलं नाय.” “आपलं डोकं फिरलं ना, मग बघ.” मुंबईत अशी बोलणारी पुष्कळ माणसं होती आणि आहेत. आमच्या घरात मात्र आपण म्हणजे सगळे. आई “आपण आता जेवायला बसू” म्हणाली की वडिलांपासून मोलकरणीच्या मुलीपर्यंत सगळे त्यात आले. म्हणून तो घरी आला आणि “आपण आज इथेच जेवणार” म्हणाला की ती मुद्दाम विचारायची, “आपण म्हणजे कोण कोण रे? किती पानं मांडू?” तो लाजून हसायचा. ती त्याला माशाच्या दोन तुकड्या जास्त वाढायची. आम्ही ब्राह्मण नव्हतो हे त्याचं नशीब.

माझी गाडी लढाईनंतर लष्कराने विकायला काढलेल्या डिस्पोजलमधली. एका सिलिंडरची, साडेतीनशेची, वरच्या काळ्या रंगाखाली कुठे खरवडलं की लष्कराचा हिरवा दिसायचा. त्याची गाडीही तसलीच होती, पण ती बोरघाटात गेली. कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेस फोडून बाहेर आला. रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं ते भोक बघत उभे होतो. मीच म्हणालो, “माझ्या मागे बस, आणखी काय.” त्यानंतर दोन वर्षं तो माझ्या मागे बसला. लोणावळा, नाशिक, वाई, जिथे गेलो तिथे दोघं गेलो. पंपावर कोणी गाडीची चौकशी केली की माझ्याआधी तो सांगायचा, “आपली फटफटी आहे. डिस्पोजलची, पण काम एकदम झकास.” मला ते आवडायचं. मला सख्खा भाऊ नाही. माझ्या वस्तूला कोणी आपली म्हणावं, यात किती सुख असतं ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

पण एका सिलिंडरच्या त्या म्हाताऱ्या गाडीवर दोन बापये आणि सामान, म्हणजे घाटात तिचा जीव जायचा. पहिल्या गिअरमध्ये ती धापा टाकायची आणि मागच्याने उतरून चालायचं, हे ठरलेलं. म्हणून त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमचं एकच ठरलं होतं: पुढची गाडी दोन सिलिंडरची. आणि तिच्यावर पहिली फेरी आंबोली ते आंबोली.

ही त्याची कल्पना. अंधेरीत एक आंबोली आहे, जुन्या ख्रिस्ती लोकांचं गाव. आणि दुसरी ती सावंतवाडीच्या वरची, घाटातली. कोल्हापूर करून, आजऱ्यावरून त्या आंबोलीला जायचं आणि घाट उतरून वेंगुर्ल्याला समुद्रात पाय बुडवायचे. इराण्याच्या संगमरवरी टेबलावर चहाच्या ओल्या बोटाने त्याने सबंध रस्ता काढला होता. घाट चढताना मी चालवणार, उतरताना तो. मी रविवारभर नकाशे बघत बसायचो. कुठे पेट्रोल मिळेल, कुठे मुक्काम करायचा, रजा कशी काढायची. घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं, आणि लग्नानंतर असली फेरी कोण करू देतो? म्हणजे ही एकच संधी होती, आणि मला ती फार हवी होती. तेव्हा मी ते कोणाला सांगितलं नसतं, पण ऑफिसात फायलींवर मान घालून मी त्या घाटाची वळणं घेत असायचो.

एका शनिवारी तो आला तोच उभ्याने म्हणाला, “गाडी सापडली.”

आंबोलीत, म्हणजे आपल्या अंधेरीच्या आंबोलीत, एक अंकल राहायचे. पूर्वी स्टुडिओत इलेक्ट्रिशियन होते, त्यामुळे याची ओळख. बायको वारलेली, मुलं आफ्रिकेत. त्यांच्याकडे पाचशेची दोन सिलिंडरची गाडी होती, लढाईनंतर लगेच आणलेली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आणि गाडी जी पडवीत गेली ती गेलीच. दलालाला द्यायची नाही, जो चालवेल त्यालाच द्यायची, आणि देण्याआधी ती एकदा चालू झालेली आपल्या कानांनी ऐकायची, एवढंच त्या म्हाताऱ्याचं म्हणणं होतं.

“आणि?” मी विचारलं.

“आणि काय? अंकलशी बोलणं झालं. गाडी आपली झाली समज.”

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. घाटकोपरवाल्याने सगळ्यांना मस्का-पाव मागवला. मी त्या वाक्याचा आजवर हजार वेळा विचार केला असेल. मला त्यात शंका यावी असं काहीही नव्हतं. दोन वर्षं ज्या तोंडाने माझ्या गाडीला आपली म्हटलं, त्याच तोंडाने तो हिला आपली म्हणत होता. पैशाचं कसं, असं मी विचारलं तर म्हणाला, “ते दसऱ्यानंतर बघू. आधी चालू तर होऊ दे.” माझ्या मनात अर्धं-अर्धं होतं. ते मी बोलूनही दाखवलं. तो मस्का-पाव खात होता, त्याने मान हलवली. ती मान उभी हलली की आडवी, हे आता देव जाणे.

मग रविवार सुरू झाले. मी खाकी अर्धी चड्डी आणि फाटका गंजीफ्रॉक घालून सकाळी आंबोलीला जायचो. पडवीत चिखलाचा, कोंबड्यांच्या शिटेचा आणि जुन्या तेलाचा वास. गाडीची दशा वाईट होती. इंजिन चांगलं, पण बाकी सगळं पावसाळी हवेने खाल्लेलं. टायरांना भेगा, चेन गंजून काठीसारखी ताठ, डायनामो जळलेला, हेडलाइटची काच फुटलेली, सीटचं चामडं उंदरांनी कुरतडलेलं. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो ओला. तो मी फडक्यात गुंडाळून घरी नेला आणि आईच्या चुलीपाशी रोज शेकत ठेवला. आई म्हणायची, “पापड भाजू का याच्या शेजारी?” पण ती रोज तो फिरवून ठेवायची, म्हणजे सगळीकडून सारखा सुकावा.

सुटे भाग बाजारात नव्हतेच. असले तर तिप्पट भाव. मग जे सगळे फटफटीवाले करायचे तेच आम्ही केलं: एकीचं काढून दुसरीला लावलं. माझी गाडी घरी ताडपत्रीखाली उभीच होती. आधी तिचा डायनामो काढला, तो दोन्हींना चालतो. मग पुढचा टायर, तो मी उन्हाळ्यातच मोठ्या वशिल्याने मिळवला होता. मग चेन. मग हेडलाइट. शेवटी सीट. ती सीट मी इतकी वर्षं वापरून माझ्या बसण्याच्या आकाराची करून घेतली होती, तिच्या डाव्या बाजूला माझ्या पँटच्या बकलाने पडलेला ओरखडा होता. ती काढताना आई दारात उभी होती.

“एकीला नागवून दुसरीला नटवतोयस,” ती म्हणाली.

“दोन्ही आपल्याच आहेत गं,” मी म्हणालो.

काम बहुतेक मीच करायचो. तो यायचा, नाही असं नाही. अवघड जागी त्याचाच हात लागायचा, व्हॉल्व्ह बसवावे ते त्यानेच. आम्हाला एकमेकांना सांगावं लागायचं नाही, मी हात मागे केला की त्यात बरोबर तोच पाना यायचा. पण थोड्या वेळाने तो म्हणायचा, “तू चालू ठेव, आपण जरा अंकलशी बोलतो,” आणि व्हरांड्यात जाऊन बसायचा. म्हाताऱ्याला एकटं वाटत असेल, बरं करतोय बिचारा, असं मला वाटायचं. एकदा अंकलनी तिथूनच विचारलेलं मी ऐकलं, “हा पोरगा कोण रे?” आणि त्याचं उत्तरही ऐकलं, “आपला माणूस आहे. हाताला चांगला आहे.” मी गाडीखाली आडवा होतो, तोंडावर तेल ठिबकत होतं, आणि मला आतून ऊब आली.

गणपती गेले, पितृपक्ष गेला, पाऊस ओसरला. घटस्थापनेच्या सुमाराला एका सकाळी गाडी चालू झाली. पहिल्या दोन-चार किका फुकट गेल्या, मग एक खोकला, मग दोन्ही सिलिंडर एका सुरात. अंकल व्हरांड्याच्या खांबाला धरून उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. गाडी बंद केल्यावर म्हणाले, “पुन्हा एकदा.” आम्ही पुन्हा एकदा चालू केली. मित्राने माझ्या खांद्यावर हात टाकला होता. तो हात मला अजून आठवतो आणि अजून चीड येते.

दसऱ्याला गाडीची पूजा करून ती घरी आणायची, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. झेंडूचा हार, नारळ, कुंकवाची पुडी घेतली. अंगात या वेळी इस्त्रीचा शर्ट आणि पँट. आंबोलीला पोचलो तर पडवी रिकामी. जमिनीवर तेलाचा एक काळा डाग, बाकी काही नाही. अंकल आवाजावरून ओळखून म्हणाले, “अरे, तू? आज कशाला आलास? गाडी काल गेली.”

“पूजेला नेली असेल,” मी म्हणालो. मी खरंच तसं समजलो.

“पूजेला कशाला? वेंगुर्ल्याला गेला ना तो. तिकडच्या मुलीशी जमलंय त्याचं. होणाऱ्या मेव्हण्याला मागे घेऊन गेला, सासऱ्याला गाडी दाखवायला. कागद त्याच्या नावाने करून दिले मी परवाच. सांगितलं नाही तुला?”

मी हातातला हार इकडून तिकडे केला. मला त्याचं लग्न ठरल्याचंही ठाऊक नव्हतं.

“थांब, जाऊ नको,” म्हणून ते चाचपडत आत गेले आणि एक नवा गंजीफ्रॉक घेऊन आले, त्याच्या घडीत काहीतरी गुंडाळलेलं. माझ्या हातावर ठेवून माझी मूठ मिटली. “दिवाळीचं पोस्त, आत्ताच देतो. तुमच्यात देतात ना कामाच्या माणसाला? तुझ्या पगाराचं तो बघतच असेल, पण मला वाटलं, आपणही काहीतरी द्यावं. फार चांगलं काम केलंस बाबा.”

मी कोण आहे, हे त्या आंधळ्या होत चाललेल्या माणसाला सांगण्यात अर्थ नव्हता. काय सांगणार होतो? की मी मेकॅनिक नाही, एका विमा कंपनीत कारकून आहे? की हा टायर माझा होता? त्याला कोणी खोटं सांगितलंच नव्हतं. आपला माणूस, एवढंच तर सांगितलं होतं. पोस्त माझ्या हातात तसंच राहिलं आणि हार मी त्यांना दिला. त्यांनी तो अंगणातल्या क्रुसाला घातला, तिथे आधीचेही झेंडू होते. मी “येतो” म्हणालो आणि निघालो.

घरी आलो तर आईने माझ्या गाडीवरची ताडपत्री काढून ठेवली होती. सण होता ना. सीट नाही, दिवा नाही, पुढच्या रिमवर टायर नाही. जे काही उरलं होतं त्याला तिने हळदकुंकू लावून फूल वाहिलं होतं. “ती दुसरी कुठे?” तिने विचारलं. मी सांगितलं. तिने खाली पडलेलं फूल उचलून परत गाडीवर ठेवलं. मग म्हणाली, “मी विचारत होते रे त्याला. किती पानं मांडू म्हणून.” आणि आत गेली. मला त्या दिवशी श्रीखंड गिळवेना. दुःख वगैरे नंतरचं, आधी नुसती लाज वाटत होती. माणसाने आपल्याला मूर्ख ठरवलं तर सहन होतं. पण तो मनातल्या मनात कधीपासून हसत असेल, हे सहन होत नाही.

तो परत आल्याचं इराण्याकडे कळलं. पान्यांची पिशवी घेऊन मी दुपारी फाटक ओलांडून त्याच्या चाळीत गेलो. गाडी खाली नळापाशी उभी होती. माझ्या टायरवर घाटाची तांबडी माती वाळली होती. तो बादलीत फडकं पिळत होता. मला बघून हसला. अगदी नेहमीसारखं हसला, हे विशेष.

“ये, ये. काय घाट आहे यार. तू पायजे होतास.”

“माझी गाडी घेऊन गेलास,” मी म्हणालो.

“तुझी कशी?” त्याने फडकं बादलीत टाकलं. “अंकलने आपल्याला दिली. आपण पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय ना? गाडी आपली झाली, असं चार माणसांसमोर बोललो. आपण कसं बोलतो ते तुला म्हाईत नाय? तुझी आई रोज चिडवते त्यावरून.”

“आणि अर्धं-अर्धं?”

“ते तू बोललास. आपण हो म्हटलं का?”

नव्हताच म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. सबंध पावसाळ्यात हा माणूस एकही शब्द खोटा बोलला नव्हता. खोटं बोलला असता तर निदान त्याला काहीतरी करावं लागलं असतं, कष्ट पडले असते. त्याने फक्त मला समजू दिलं, आणि मी रविवारमागून रविवार समजत गेलो. त्या क्षणी मला तो जितका नकोसा झाला तितकं आयुष्यात दुसरं कोणी झालं नाही, आणि मी बऱ्याच साहेबांच्या हाताखाली काम केलंय.

“लग्न ठरलं तेही सांगितलं नाहीस,” मी म्हणालो.

तेव्हा त्याचा चेहरा बदलला. आवाज उतरला, पण त्यात धार आली. “दोन वर्षं मागे बसलो. दोन वर्षं आपण तुझी पाठ बघितली. रस्ता कधी दिसला नाय, नुसती पाठ. घाट आला की उतरून चालायचं ते पण आपण. तू एकदा तरी बोललास, घे, तू चालव? सासरची माणसं विचारणार, काय आहे पोराकडे, तर काय सांगू, दोस्ताची पाठ आहे?” जरा थांबून म्हणाला, “आता तू बस ना मागे. कोण नको म्हणतो?”

हे खरं नव्हतं. मी त्याला कितीतरी वेळा चालवायला दिली होती, वाईहून येताना तर सबंध रस्ता. पण त्याला ते तसं आठवत होतं, आणि त्याने ते तसं आठवायचं ठरवलं होतं, त्याला माझा इलाज नव्हता. मी पिशवीतून पाने काढून फरशीवर ठेवले.

“माझ्या वस्तू काढून नेतो,” मी म्हणालो.

“घे की काढून,” तो म्हणाला.

मला वाटलं होतं तो अडवेल, निदान आवाज चढवेल. चाळीतले लोक गॅलरीत येऊन उभे राहिले होते, त्यांनाही तसंच वाटत असणार. मी सीटचा पहिला बोल्ट सोडवला, तो गंजून घट्ट झाला होता. मी सवयीने हात मागे केला आणि हातात तेलाची कुपी आली. त्यानेच दिली होती. मग तो खाली बसला आणि समोरच्या बाजूने नट धरला. सीट निघाली. हेडलाइटच्या तारा त्याने सोडवल्या, डायनामोचा पट्टा मी. चेनची कडी मी काढायला लागलो तर त्याने नुसतं बोट दाखवलं, इकडून काढ, आणि ती इकडूनच निघायची होती. पुढचं चाक काढायच्या वेळी त्याने इंजिनाखाली दोन विटा सरकवल्या आणि गाडीचं वजन आपल्या खांद्यावर घेतलं. टायर सोडवताना आमची डोकी एकमेकांना लागत होती. आम्ही दोघांनी मिळून केलेल्या कामांत हे सगळ्यात चांगलं काम झालं. एका बोल्टचा आटा बिघडला नाही, एक वॉशर हरवला नाही.

सगळं झालं तेव्हा त्याची गाडी विटांवर उभी होती, घरी माझी उभी होती तशीच. तिला आता तो कुठून टायर मिळवणार होता, कुणास ठाऊक. त्याने चाळीच्या तोंडाशी जाऊन टांगा थांबवला आणि सीट, दिवा, डायनामो, गोणपाटात गुंडाळलेली चेन, सगळं एकेक करून आत ठेवलं. टायर मी मांडीवर घेतला. टांगेवाल्याने घोड्याला टिचकारलं.

फाटकाशी पोचलो तर फाटक बंद होतं. टांगा उभा राहिला. मागून चपलांचा आवाज आला. तो धावत आला होता, धापा टाकत होता, तळहातावर सीटचे चार बोल्ट.

“हे राहिले,” तो म्हणाला. “याच्याशिवाय तुझी सीट बसणार कशी?”

तो थांबला. मी काहीतरी बोलावं म्हणून तो थांबला होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी एक सणसणीत शिवी हासडावी, त्याने एक द्यावी, आणि मग बघू पुढचं पुढे. आमच्यात इतकी वर्षं असंच चालत आलं होतं. टांग्यात जागाही होती. मी बोल्ट घेऊन शर्टाच्या खिशात टाकले.

“आभारी आहे तुमचा,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला आधी वाटलं मी चेष्टा करतोय, त्याचे ओठ हसायला लागलेसुद्धा. मग त्याला कळलं. हात तसाच पुढे राहिला होता, तो त्याने हळूच खाली घेतला आणि लेंग्याला पुसला. आगगाडी धडधडत निघून गेली, फाटक उघडलं, आणि टांगेवाल्याने टांगा रुळांवरून पलीकडे काढला.